तेवढाच वेळ

दाजी आमच्या अक्काला बघायला आले ते मोटारसायकलवरून. त्यांचं गाव सांगोल्याच्या पलीकडं. त्यांचे आई, वडील आणि मामा एसटीनं निघालेले, आणि हे त्यांच्याआधी तासभर आमच्या दारात हजर. आमचे वडील रेल्वेत होते. उशिरा येणारा माणूस त्यांना चालायचा नाही, पण वेळेआधी येणाराही चालायचा नाही. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "पाहुणे, तुमची मंडळी कुठं आहेत?"

"येत्यात की," दाजी म्हणाले, "मंगळवेढ्यात गाडी थांबलीया जरा."

आत बोलवावं तर मुलगी तयार नाही, बाहेर ठेवावं तर बरं दिसत नाही. वडिलांनी मला खुणावलं, म्हणजे मी त्यांच्याशी बोलत बसायचं. मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होतो. मला बोलायला विषय शोधावा लागला नाही, कारण समोर ती गाडी उभी होती. तिचं मागचं चाक जागेवरून चार बोटं मागं सरकवलेलं होतं आणि पुढचा भाग खाली उतरवलेला होता. मी विचारलं, "चाक मागं का घेतलंय?"

दाजी नव्या पॅन्टमध्ये रस्त्यावर उकिडवे बसले आणि मला समजावून सांगायला लागले. एकदम जोरात गाडी सोडली की पुढचं चाक उचलतं, उचललं की जोर वाया जातो, म्हणून गाडी लांब करायची आणि पुढून दाबायची. बोलता बोलता त्यांच्या हाताला चेनचं काळं तेल लागलं. त्यांची मंडळी आली तेव्हा आम्ही दोघंही तसेच बसलेले होतो. चहाचा कप घेताना त्यांनी हात रुमालात लपवायचा प्रयत्न केला, आणि अक्का हसली. लग्न तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही. नंतर अक्का मला कितीतरी दिवस चिडवायची, "मला बघायला आले होते का तुला, कळंना झालंय."

दाजी सोलापुरातच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर दोघांनी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आमच्या दाराशी येऊन हॉर्न न वाजवता नुसतं इंजिन एकदा वर घ्यायचे. मी चप्पल सोडून बूट घालायचो. आई आतून म्हणायची, "आला बघ तुझा दाजी."

एमआयडीसीच्या मागं एक रस्ता आहे. नव्या प्लॉटसाठी केलेला. प्लॉट कुणी घेतले नाहीत, रस्ता तेवढा सरळ जाऊन बाभळींत संपतो. तिथं दाजींनी मला गाडी सोडायला शिकवली. चालवायला मला येत होतीच. पण उभ्या जागेवरून गाडी पूर्ण जोरानं सुटणं, आणि सुटताना ना चाक घसरणं, ना पुढचं उचलणं, ना इंजिन गप्प होणं, हे काही वेगळंच काम आहे. माझ्याकडून तिन्ही व्हायचं. कधी मागचं चाक नुसतं जागेवर फिरून धूर काढायचं, कधी पुढचं वर यायचं आणि मी घाबरून सगळं सोडून द्यायचो.

"क्लच सोडायचा न्हाय मेव्हणं," दाजी म्हणायचे, "द्यायचा. लेकराच्या हातात भरलेला पेला देताना कसा देतो? त्यानं धरला का बघतो, मग आपुन सोडतो. तसं."

ते मला गाडीवर बसवायचे, इंजिन चालू ठेवायचे आणि क्लच फक्त तिथवर सोडायला लावायचे जिथं गाडी ओढ घ्यायला लागते. पुढं नाही. तिथंच धरून ठेवायचं. डोळे मिटून. "कानात न्हाय ऐकायचं. कंबरंत कळतंय ते." हात भरून यायचा. मग छाती टाकीवर टेकवायची, कोपरं आत, हनुवटी खाली, आणि गिअर टाकताना ॲक्सिलेटरची मूठ पुरती बंद करायची नाही, नुसती श्वास घेतल्यागत हलवायची. टायरमधली हवा किती काढायची, ती सकाळी किती आणि ऊन चढल्यावर किती, हेही त्यांनी शिकवलं. पण आधी क्लच. कितीतरी महिने क्लचच.

आणि त्यांचा एक नियम होता. त्या रस्त्यावर फक्त सुटायचं. दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत गेलं की मूठ बंद. मी एकदा तिसऱ्या खांबापर्यंत गेलो तर त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात घातली आणि मला गाडी ढकलत मागं आणायला लावली. "रस्ता हा रस्ता हाय. हितं शेळी येनार, म्हातारं येनार, कुनाचं पोरगं सायकल घिऊन येनार. पळवायची तर रेसच्या पट्टीवर. तितं कुनी न्हाय, आपुन हाय आन् आपलं नशीब हाय." गाडी सोडायच्या आधी ते सगळा रस्ता पायी चालून यायचे, खडे बाजूला करायचे, आणि मग हेल्मेटचा पट्टा माझाही ओढून बघायचे.

अक्का बरोबर यायची. थर्मासमधून चहा, डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी. मी एक जुनी गाडी घेतल्यावर आम्ही दोन गाड्यांवर शेजारी शेजारी उभे राहिलो की ती पुढं जाऊन ओढणी वर धरायची आणि खाली सोडायची. ओढणी खाली आली की सुटायचं. त्यातही तिची लबाडी असायची. नवऱ्याशी भांडण झालेलं असलं तर आधी माझ्याकडं डोळ्यानं खूण करायची. दाजींना ते कळायचं. ते हेल्मेटच्या आत हसायचे, पण कधीही तिची ओढणी पूर्ण सुटायच्या आधी निघाले नाहीत. थांबणं हे त्यांचं खरं बळ होतं. गाडी ओढ घेत असताना, सगळं अंग पुढं झुकलेलं असताना, ते दगडासारखे थांबायचे.

पहिल्यांदा पट्टीवर गेलो ते एका जुन्या, वापरात नसलेल्या विमानाच्या धावपट्टीवर. दुसऱ्या जिल्ह्यात होती. गाड्या टेम्पोत घालून नेल्या. पोरं कुठून कुठून आलेली, काहींच्या गाड्या आमच्या दुप्पट ताकदीच्या. तिथं ओढणी नव्हती, दिव्यांचा खांब होता. वरून पिवळे दिवे एकामागं एक लागत खाली येतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी निघालात तर तुमच्या बाजूचा लाल लागतो आणि तुम्ही कितीही पळा, हरलात.

"हिरव्याची वाट बघत बसू नगो," दाजी मला रांगेत सांगत होते. "हिरवा दिसून मग हात हलला तर उशीर झाला. शेवटचा पिवळा इजताना हात सुटला पायजे. त्याच्या अगुदर न्हाय, त्याच्या मागनं न्हाय."

मी तिन्ही वेळा लाल लावला. दाजींनी मात्र त्यांच्यापेक्षा मोठ्या गाडीवाल्याला हरवलं. ती गाडी शेवटी त्यांच्या अगदी जवळ आली होती, पण सुरुवातीला जे अंतर पडलं होतं ते भरून निघालं नाही. अक्का कठड्याला धरून उभी होती, पोटुशी होती तेव्हा, आणि मोठ्यानं ओरडत होती. नंतर म्हणाली, "मी ओरडले ते सासरी कुणाला सांगू नको बाबा, आत्ती रागावतील."

मुलगी झाली. आमच्या घरातलं पहिलं लेकरू. वडील निवृत्त झाले होते, ते दिवसातून चार वेळा दोन गल्ल्या ओलांडून जायचे आणि "इकडून जात होतो" म्हणायचे. पोर कुकरच्या शिट्टीला दचकून रडायची, पण गाडीच्या आवाजाला कधी रडली नाही. दाजी तिला गाडीच्या टाकीवर बसवून दोन्ही हातांच्या मध्ये धरायचे, इंजिन बंद ठेवून. ती किल्लीचा रबरी गोंडा चावत बसायची. बसायला लागली, रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली.

पुढचं मी बघितलेलं थोडं आहे आणि ऐकलेलं जास्त.

दाजींच्या चुलत भावाचं लग्न होतं, म्हणून तिघं गावी गेले होते. गाडीवरूनच गेले. वऱ्हाड वेळापूरकडं जायचं होतं. आदल्या दिवसापासून पोरीला कणकण होती. सकाळी ती अंगावर प्यायला तयार होईना. गावातल्या बायका म्हणाल्या दात येत असतील. वऱ्हाडाच्या जीपा निघून गेल्या, अक्का आणि दाजी मागं थांबले. दुपारी पोरीचा श्वास भात्यासारखा चालायला लागला तेव्हा ते तिला घेऊन सांगोल्याला दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, इथं थांबू नका, सरळ सोलापूर गाठा. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती कुठल्या तरी दुसऱ्या गावी गेलेली, परत यायला वेळ लागणार. ओळखीच्या सगळ्या गाड्या लग्नाला. दाजींनी मला फोन केला, "मोट्या दवाखान्याच्या गेटावर थांब. आमी निघालोय." त्यांचा आवाज एकदम सरळ होता.

त्या काळात तो सगळा रस्ता खणलेला होता. चौपदरीचं काम चालू होतं. एक बाजू मुरुमाची, एक बाजू वळणाची, मध्येच खडी, मध्येच पाण्याचे टँकर धूळ मारायला उभे. अक्कानं पोरीला ओढणीनं पोटाशी बांधलं होतं आणि वरून दाजींचा शर्ट गुंडाळला होता. दाजी नुसत्या बनियनवर होते.

मी गेटवर उभा होतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघत होतो, आणि माझ्या मनात दाजी म्हणजे वाऱ्यासारखे येणार असं होतं. ते आले तेव्हा मला आधी ओळखूच आले नाहीत. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, एखादा म्हातारा शेतकरी बाजारातून घरी निघावा तसे ते येत होते. अंगभर धूळ. गतिरोधकावर गाडी त्यांनी जवळजवळ उभी केली, पाय टेकवले, आणि मग अलगद पलीकडं उतरवली. पोरीला हिसका बसू नये म्हणून.

मी पोरीला घेऊन आत पळालो. ती गरम होती आणि तिचे ओठ वेगळ्याच रंगाचे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

न्यूमोनिया होता. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आजार आधीच खूप वाढलेला होता. अर्धा तास आधी आला असता तरी फार फरक पडला नसता." त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं. अक्कानं त्यातला एकच शब्द उचलला. घरी आल्यावर, वस्तीतली माणसं बुद्धवंदना म्हणून निघून गेल्यावर, ती भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "फार पडला नसता म्हणाले. म्हणजे थोडा तरी पडला असता की."

दाजी दाराच्या उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी ऐकलं.

तिनं ते वाक्य त्यांना समोरासमोर म्हटलं ते त्यानंतर काही दिवसांनी. मी आईनं दिलेला डबा घेऊन गेलो होतो. भांडण वगैरे चाललं नव्हतं. अक्का कपड्यांच्या घड्या घालत होती, त्यात एक छोटं झबलं निघालं. तिनं ते हातात धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "एवढ्या रेसा खेळलात. माणसं लांबून बघायला यायची तुम्हाला. आणि एका दिवसापुरती जोरात चालवायची होती, तर चालवली नाहीत."

दाजींनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. नंतर ते म्हणाले, "तू मागं हुतीस. पोरगी तुज्या पोटाशी. खडी हुती समदी."

"मला माहीत आहे," अक्का म्हणाली. "मी होते की तिथं."

बस. एवढंच. आवाज चढला नाही, कुणी भांडं आपटलं नाही. पण त्या दिवसानंतर त्या खोलीत दोन माणसं राहिनाशी झाली. दाजी कारखान्यात डबल पाळी करायला लागले. अक्का आमच्याकडं दुपारी यायची ती रात्री जेवून जायची, मग रात्रीची राहायला लागली, मग तिच्या साड्या आल्या, शिलाई मशीन आलं. आई विचारायची, "अगं जाऊन ये एकदा." ती म्हणायची, "जाते." वडील काही विचारत नव्हते. त्यांनी गल्ली ओलांडणं बंद केलं होतं.

त्या हिवाळ्यात पुन्हा त्याच पट्टीवर रेस होती. मला जायचं नव्हतं. दाजीच म्हणाले, "जाऊ चल. नाव घातलंय दोगांचंबी." मला वाटलं, जरा मन रमेल.

मी त्या दिवशी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी सोडली. सगळं जे ते सांगायचे ते हातात उतरलं होतं. दिवा विझताना हात आपोआप सुटला, गाडी घसरली नाही, उचलली नाही, नुसती गेली. मी वळून परत आलो तेव्हा आनंदानं त्यांना शोधत होतो. दाजी खांबाशी उभे होते, त्यांची पाळी होती. मी कठड्याशी थांबून बघायला लागलो.

पहिला पिवळा लागला आणि दाजी निघाले. लाल. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. होतं असं, नवख्याचं होतं. दुसऱ्या फेरीत पुन्हा. पिवळे अजून खाली यायचे होते, आणि ते गेलेसुद्धा. गेले तेही थांबायचं नाव न घेता, लाल लागलाय हे माहीत असून, शेवटच्या रेषेपर्यंत, छाती टाकीवर टेकून, पूर्ण जोरानं. त्यांना आणखी एक संधी होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "दाजी, जरा थांबा. तुम्हीच मला सांगता की थांबायचं."

"हात ऐकंना," ते म्हणाले. हेल्मेटची काच त्यांनी वर केली नव्हती. "हात ऐकंना झालाय माजा."

तिसऱ्यांदाही लाल लागला. परत आल्यावर त्यांनी गाडी टेम्पोत चढवली, दोरीनं बांधली आणि तिच्याशेजारी फळीवर बसून राहिले. आम्ही सोलापुरात पोचेपर्यंत ते तिथंच बसून होते, पुढं केबिनमध्ये आले नाहीत. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि गावी गेले. वडिलांचं थोडं डाळिंब होतं, मेंढरं होती. खोलीची किल्ली माझ्याकडं दिली, मी ती घरमालकाला दिली.

उन्हाळा लागताना एका दुपारी अक्का माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, "मला सांगोल्याला ने."

मला वाटलं, दाजींकडं जायचंय. मी घाईनं उठलो. ती म्हणाली, "गावाला नाही. त्या दवाखान्यापर्यंत. आणि तिथून परत आपल्या दवाखान्याच्या गेटपर्यंत. येताना जेवढी जोरात चालवता येईल तेवढी चालवायची."

"अक्का, कशाला?"

"मला बघायचंय."

मी नाही म्हणालो. ती तिथंच उभी राहिली. मी आईला हाक मारावी का असा विचार केला आणि मारली नाही. कारण तिचा चेहरा मी कितीतरी महिन्यांत तसा बघितला नव्हता. तिला काहीतरी हवं होतं. इतके दिवस तिला काहीच नको असायचं, जेवण नको, माणूस नको. मी तिला हेल्मेट दिलं आणि पट्टा ओढून बघितला.

आम्ही निघालो. रस्ता तसाच होता, काम पुढं सरकलेलं नव्हतं. सांगोल्याच्या दवाखान्यासमोर तिनं फोनवर वेळ बघितली. त्या दिवशी निघाल्याची आणि पोचल्याची वेळ तिला पाठ होती. ओढणीची गाठ तिनं पोटावर आवळली, तिथं आत काही नव्हतं, आणि मागं बसली. "चल," म्हणाली.

मी ती गाडी चालवली तशी पुन्हा कधी चालवली नाही, चालवणार नाही. रिकामा तुकडा मिळाला की मी खाली वाकायचो आणि मूठ पूर्ण उघडायचो, आणि ती माझ्या पाठीला चिकटून वाकायची. पण रिकामा तुकडा मिळायचा किती? वळणापाशी मुरूम. मुरुमानंतर खडी, खडीवर मागचं चाक शेपटासारखं हलायचं. मंगळवेढ्याच्या अलीकडं मेंढरं आडवी. तिथं थांबलोच. मग टँकरच्या मागं, पुढचं काही दिसेना एवढी धूळ. दोनदा मला वाटलं की आता पडलो. एकदा अक्काच्या तोंडून आवाज निघाला, पण तिनं हळू म्हणून सांगितलं नाही. मी जे काही शिकलो होतो, ते सगळं त्या रस्त्यावर कुचकामी होतं. सरळ, स्वच्छ, रिकाम्या पट्टीवरचं ते शहाणपण.

दवाखान्याच्या गेटवर आलो. मी गाडी बंद केली. अक्का उतरली, फोन काढला, बघितला. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली.

"राखून चालवलीस का?" तिनं विचारलं. "खरं सांग."

"नाही अक्का. याच्यापेक्षा जोरात मला येत नाही."

"तेवढाच वेळ लागला," ती म्हणाली. "थोडा कमी. तेवढाच."

पोर पोटाशी नसताना, मी जीव मुठीत धरून चालवलेली असताना, तेवढाच. ती रडली नाही. रसवंतीवाल्यानं लांबून विचारलं, "ताई, पाणी देऊ का?" तिनं पाणी पिऊन ग्लास परत दिला. घरी येताना म्हणाली, "त्यांना सांग जाऊन. माझ्यानं व्हायचं नाही."

पुढच्या सुट्टीला मी एकटा गावी गेलो. दाजी डाळिंबाच्या सरीत होते. वाळले होते, दाढी वाढलेली. मला बघून हातातला विळा खाली ठेवला. "जयभीम, मेव्हणं. कुटं वाट चुकला?"

बांधावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी काहीतरी मोठं घेऊन आलोय. ते ऐकत होते. मंगळवेढ्याच्या मेंढरांपर्यंत आलो आणि ते एकदम उठून उभे राहिले.

"ती मागं बसली हुती आन् तू तसल्या रस्त्यानं उडवलीस?"

"तीच म्हणाली."

"ती म्हननारच की! तुला अक्कल न्हाय व्हय? हेच शिकिवलं का मी तुला? तिला काय झालं आसतं म्हंजी? खडीवर गाडी गेली आसती म्हंजी?" इतक्या वर्षांत माझ्यावर ते असे कधी ओरडले नव्हते. पलीकडून त्यांची आई बघायला आली आणि तशीच मागं गेली.

मग ते पुन्हा बसले. बराच वेळ ढेकूळ फोडत राहिले. मी म्हणालो, "दाजी, तिला पटलंय आता. तुमची काही चूक नव्हती. तिनं स्वतः वेळ बघितली."

"बगितली व्हय," ते म्हणाले. "मला म्हाईत हुतं तेवडाच लागनार. त्या दिवशीच म्हाईत हुतं." त्यांनी हातातलं ढेकूळ टाकून दिलं. "पर तिला बगावं लागलं."

मी म्हणालो, "सोलापूरला चला." ते म्हणाले, "जेवून जा." त्यांच्या आईनं बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं, आणि सून कशी आहे, जेवते का, एवढंच दोनदा विचारलं.

घरी येऊन मी अक्काला सांगितलं की दाजी माझ्यावर ओरडले, तुला तसं नेलं म्हणून. तिनं हातातलं काम थांबवलं. "ओरडले?" तिनं विचारलं. "लई?" मी हो म्हणालो. ती आत गेली. मला वाटलं आता ती जाईल, उद्या नाहीतर परवा. आईनं तर तिच्या नकळत तिची पिशवी धुऊन ठेवली. पण ती गेली नाही, आणि ते आले नाहीत. दोघंही एकमेकांविषयी वाईट बोलले नाहीत. कधीतरी फोन व्हायचा, पाऊस झाला का, आईचे गुडघे कसे आहेत. मग ते बोलणंही मध्येच तुटायला लागलं. दोघांच्या मध्ये ती पोर होती, आणि तिला ओलांडून कुणालाच येता येत नव्हतं.

शेवटी दोघांनी मिळून कोर्टात अर्ज केला. शेवटच्या तारखेला मी अक्काबरोबर गेलो. दाजी आधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बाकावर जागा नव्हती, ते सरकले, अक्का त्यांच्या शेजारी बसली. मी समोर उभा. पंखा चालू नव्हता. त्यांनी तिला विचारलं, "जेवून आलीस का?" ती म्हणाली, "येताना खाल्लं थोडं. तुम्ही?" ते म्हणाले, "मंगळवेढ्यात वडापाव." मग आत नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर आम्ही तिघांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला. दाजींनी मला विचारलं, रेस कधी आहे. मी सांगितलं. "चेन बदल," म्हणाले, "ढिली झाली आसंल." अक्का कपात बघत होती. रस्त्यावर रिक्षा थांबली तेव्हा ते उठले. अक्काकडं बघून म्हणाले, "येतो मग." तिनं मान हलवली. रिक्षा वळणापलीकडं गेली तरी ती तिकडंच बघत होती. मग म्हणाली, "चल, भाजी घेऊन जाऊ. घरात काही नाही."

मी अजून रेस खेळतो. आता माझी गाडी चांगली सुटते, नवी पोरं विचारायला येतात आणि मी त्यांना क्लच द्यायला शिकवतो. माझं लग्न झालं, तेव्हा दाजींना बोलावलं होतं. ते आले नाहीत, डाळिंबाची पेटी पाठवली. बायकोनं विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हणालो, दाजी. ती म्हणाली, पण अक्का तर… मी म्हणालो, हो.

अक्का शिवणकाम करते. वस्तीतल्या लहान मुलींचे फ्रॉक तिच्याकडं येतात, दिवाळीला तर रांग लागते. माप घेताना ती पोरींना स्टुलावर उभं करते आणि पडू नयेत म्हणून एक हात त्यांच्या पाठीमागं धरून ठेवते. परवा एक पोर फार वळवळत होती. तिची आई दटावायला लागली, तर अक्का म्हणाली, "राहू दे गं. घाई नाही मला."